हिराच्या चौकटी

४ ऑगस्ट, सोमवार
नववीच्या चाचणीचे इतिहासाचे पेपर तपासले. हिराचं पुन्हा तेच. येतं सगळं, पण युद्ध आधी संपतं, मग सुरू होतं, मधेच दुष्काळ. तोंडी विचारलं तरी तसंच. सगळं एकदम बाहेर यायला बघतं आणि अडकतं. पोरं हसली. ती खाली बसली.

९ ऑगस्ट, शनिवार
शाळा सुटल्यावर हिराला थांबवलं. फळ्यावर तीन चौकटी काढल्या, मधे बाण. आधी काय, मग काय, त्यातून काय झालं. म्हटलं, इतिहास राहू दे, घरची भातलावणी सांग. रोपांसाठी राब भाजण्यापासून चिखलात रोपं लावायच्या आवणीपर्यंत नीट लावत गेली. चौकटी पुरेनात तेव्हा चौथी स्वतःच काढली.
"बाई, चौकट असली की कुठं थांबायचं ते कळतं."
घोडेगावची एसटी चुकली. जीपने खाली आले. चालेल.

१२ सप्टें., शुक्रवार
आता प्रश्न वाचला की आधी पेन्सिलीने कोऱ्या चौकटी, मग त्यांत एकेक शब्द, मग उत्तर. आजचं उत्तर मी कुठेही न अडता वाचलं.
मुख्याध्यापकांना दाखवलं. "छान. पण बोर्डात याला मार्क नाहीत, मॅडम."
म्हटलं, मार्कांसाठी नाहीच, उत्तरापर्यंत पोचायला. तोवर ते मोबाईलमध्ये.

९ ऑक्टो., गुरुवार
सहामाही. इतिहास. माझी ड्यूटी दुसऱ्या वर्गावर. हिराने शेवटच्या पानावर चौकटी आखल्या. तिच्या वर्गावर नवे सर. त्यांना वाटलं, मागच्या बाकाला खुणा करतेय. पेपर काढून घेतला, कोरा दिला. चौकटी काढायच्या नाहीत म्हणाले. तिने सांगायचा प्रयत्न केला म्हणे, पण सरांना काही कळेना. शेवटी तिने पेपर कोराच परत दिला.
मी भांडले. नवे सर म्हणाले, मला कुणी सांगितलं होतं का? मुख्याध्यापक म्हणाले, फेरपरीक्षा एकटीची घेता येत नाही.


१६ ऑक्टो.
हिराचे वडील, तिचे आबा, आले. आवाज चढवला नाही, काही नाही.
"बाई, तुमी लई केलं. पर पोरीच्या डोक्यात काय ऱ्हातच न्हाई. बेल्ह्याकडं मावशी हाय तिची. कांद्याच्या लागणीला माणूस पायजे त्यांना. दिवाळी झाली की धाडतो."
सप्टेंबरची उत्तरं पुढे ठेवली. कशी सुधारली, सांगत राहिले.
"ह्यात पास झाली का?"
हा सराव होता, म्हटलं.
"मग?"
हिरा दाराशी उभी. माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते याची वाट. मी वडिलांना पाणी दिलं.

१० नोव्हें., सोमवार
शाळा सुरू. हिरा नाही. सुटल्यावर वर तिच्या घरी गेले. आई खळ्यावर भात झोडत होती.
"गेली, बाई. मला इचारलं न्हाई कुनी." मावशीचा फोन नंबर मात्र तिला पाठ. मी मोबाईलमध्ये घेतला.
आठवीत अजून दोघींचं असंच आहे. आज फळ्यापाशी उभी होते, पण हात वर जाईना. कशासाठी? सावकाश शिकवायचं, आणि एका तासात कुणीतरी...

२१ नोव्हें., शुक्रवार
मावशीने फोन तिच्याकडे दिला. माझा आवाज ऐकून हसली. मग बोलतच सुटली. कांदा, पाठ दुखती, आबा म्हनले, जूनमधी, न्हाई, लगीन व्हतं आधी, मंग शाळा, का शाळा झाल्याव...
"कुणाचं लग्न, हिरा? हळू सांग. आधी काय?"
मागून कुणीतरी हाक मारली.
"बाई, मंग येते मी."
फोन बंद. निरोपाचं येते की शाळेत येते?
परत लावला. उचलत नाहीत.