दहा तासांची बॅटरी

सोलापूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वैजूआत्यास,
ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मेसेज काका गल्लीला ऐकू जाईल असा वाचतात, म्हणून पत्रच. कॉलेजसाठी लॅपटॉप तू घेऊन देणार म्हणालीस, तेव्हा निवडही तुला विचारूनच. नवी पेठेत पंचाक्षरींच्या दुकानात गेले होते आणि आत्या, आईशप्पथ, धक्काच बसला! खोक्यावर लिहिलंय बॅटरी पंधरा तास. मी पप्पांना राखणीला बसवलं आणि दोन लॅपटॉपवर एकच सिनेमा लावून ठेवला. पंधरा तासवाला सहा तासांतच काळा पडला. पंचाक्षरी म्हणाले, पंधरा तास म्हणजे कंपनीच्या घरी, काही न करता.

दुसरा मात्र दहा तास चालला. पण तो विटेसारखा जड, दिसायलाही कसातरीच. पहिला हलका, चंदेरी, लई गोड. तरी मला जडवालाच हवाय. चालेल ना?

काकांना नमस्कार. आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी,
ऋतुजा

पंढरपूर, ८ ऑगस्ट

चि. ऋतुजास,
आत्याचे अ. आ.

अगं बाई, दहा तासांची बॅटरी? कॉलेजला चाललीस की जंगलात? कॉलेज माझ्या घरापासून रिक्षानं पाच मिनिटं. तुझी खोली झाडून तयार हाय. काकांनी पलंगाशी नवा प्लग बसवून घेतला. पडल्या पडल्या तुझा हात पोचावा म्हणून बिचाऱ्या वायरमनला दोनदा भिंत फोडायला लावली. आणि तू विटा वाहणार!

हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं ते खरं खरं सांग. दादा तर काहीच कळवत न्हाय. तूप कढवून ठेवलंय, कधी येतेस तेवढं लिही.

तुझी वाट बघणारी,
आत्या

सोलापूर, १२ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्लगचं वाचून मला रडूच फुटलं. आत्या, मी तुझ्याकडे राहायला येत नाहीये. रोज सोलापूरहून एसटीनं जाऊन-येऊन करणार. जाताना दोन तास, येताना दोन. अभ्यास गाडीतच करायचा आणि एसटीत कुठला आलाय प्लग? म्हणून ती बॅटरी.

पप्पांनीच नको म्हटलं. का, ते काल आईनं सांगितलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, हा आपल्याकडचा नेम. आजोबा नव्हते, तुझं कन्यादान पप्पांनी केलं, म्हणून तो नेम त्यांनी धरला. जिथं मी जेवत नाही तिथं लेकीला रोज जेवायला कशी धाडू, असं ते म्हणतात. तुला हे खरंच माहीत नव्हतं?

माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ऋतुजा

पंढरपूर, १६ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
वैजूचा शि. सा. न. वि. वि.

पोरीचं पत्र चारदा वाचलं आणि तुलाच लिहायला बसले. बावीस वर्षं दर भाऊबीजेला येतोस, ओवाळून घेतोस, पोट बरं न्हाय म्हणतोस आणि घोटभर पाणी पिऊन उठतोस. आणि मी येडी तुझ्यासाठी ओव्याचं चूर्ण कुटून पाठवतीये! याला तिखट देऊ नको म्हणून वहिनीला बजावतीये! म्हणजे पोटाला तुझ्या काही झालेलंच न्हवतं व्हय रे?

मला लेकरू न्हाय, आता व्हायचंबी न्हाय. म्हणजे तू माझ्या घरी जन्मात जेवणार न्हाईस, असंच की? आणि पोरगी एसटीत धक्के खाणार, मी हितं रिकामी खोली झाडत बसणार. मला राग आलाय दादा, लई आलाय. पोरीला धाड. न्हाय धाडलीस तर यंदा भाऊबीजेला येऊ नकोस, आलास तर उंबऱ्यातनं परत लावीन.

माया हाय म्हणून लिहितेय, न्हाईतर गप बसले असते.

तुझी,
वैजू

सोलापूर, २० ऑगस्ट

चि. सौ. वैजूस,
दादाचे अ. आ.

मला लिहायची सवय न्हाय. चिंचोळीच्या कंपनीत आज सुट्टी टाकली आणि सकाळपासून कागद घेऊन बसलोय. चूर्ण यायचं तेव्हा वहिनी तुझी हसायची, मला मात्र तोंड लपवावं वाटायचं. तुला लेकरू न्हाय म्हणून मी जेवत न्हाय, हे तुझ्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना. एकदा पोटाचं निमित्त काढलं, मग दरसाल तेच.

काल पंचाक्षरींकडनं हलका लॅपटॉप आणला. पोरगी आता बॅटरीचं नावबी काढत न्हाय, नुसती बॅग भरतेय.

नेम मी मोडत न्हाय, वैजू. लेकीच्या घरात लेकरू आलं की बापानं जेवायचं, एवढाच तो नेम. रविवारी तुझं लेकरू घेऊन येतोय. लोभ असू दे, आणि माझंबी पान वाढ.

तुझा,
दादा