हळद लागलेलं पत्र

मंगळवार, संध्याकाळ

घरकुलाची पत्रं साध्या मराठीत लिहा, असं साहेब कधीपासून सांगतायत. मीच हसले होते. सरकारी पत्राला वजन नको का?

आज कडेगावाकडच्या सुंदराआजी ऑफिसात आल्या. तीन महिन्यांपूर्वी मीच पाठवलेलं पत्र त्यांनी पिशवीतून काढलं. त्यावर हळदीची बोटं. "बाई, गोल शिक्का बघून देवापुढं ठिवलं. रोज हळद-कुंकू लावती. घर कवा मिळायचं?"

"आजी, कुणाकडून वाचून नाही घेतलं?"

"नातीनं वाचलं की. पर तिलाबी काय उमजलं न्हाई."

कसं उमजेल? 'विहित मुदतीत त्रुटींची पूर्तता न केल्यास प्रस्ताव निकाली काढण्यात येईल.' माझंच वाक्य. मुदत गेली, यादीतून नाव गेलं. सांगितलं, तर आजी त्या हळदीच्या बोटांकडंच बघत राहिल्या.

घरी येऊन तेच पत्र पुन्हा लिहिलं. 'आजी, तुमच्या मालकांच्या मृत्यूचा दाखला पंधरा दिवसांत आणा, नाहीतर घर मिळणार नाही.' एका ओळीत मावलं.

दाखला आजही त्यांच्या पिशवीत होता. पत्राच्याच घडीत ठेवलेला. त्यालाही हळद लागली होती.