मायचं उभं राहणं

नाचणगाव
ता. १२ डिसेंबर १९५७

चि. कमलास,
प्रेमदासचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तू मायला नागपूरच्या दवाखान्यातून घरी पोचवून गेलीस, त्याला आठवडा होत आला. तिचं बोलणं बरंच सुधारलं आहे, जीभ आता फारशी अडखळत नाही. पण उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असतो आणि उजवा पाय आपला नाहीच असं ती म्हणते.

तू दाखवलेले व्यायाम मी आणि सीता करून घेतो. खरं सांगायचं तर मन घेत नाही. जिनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, तिला आता तरी सुखानं पडू द्यावं असं वाटतं. शेजारचे डोमाजी म्हणतात की, अंगावरून वारं गेलेल्या माणसाला हलवू नये, कबुतराचं रक्त चोळावं. रक्ताचं मी ऐकलं नाही, तेल तेवढं चोळतो. सीता तिला घास भरवते, वेणी घालते, कुशीवर वळवते. अशी सून गावात दुसरी नाही, असं माय येईल त्याला सांगते आणि तेवढ्यावर सीता खूश असते.

आता मुंबईचं. तुझ्या दवाखान्यानं इतक्या नर्सेसमधून व्यायामोपचाराच्या शिक्षणासाठी तुझं नाव निवडलं, याचा मला अभिमान आहे. शाळेत सगळ्या मास्तरांना मी ते सांगितलं. पण शिक्षण दोन वर्षांचं. मायला या अवस्थेत सोडून जाणं कितपत बरं, याचा विचार कर. मी काही म्हणत नाही.

सीताचा तुला नमस्कार. घराकडे लक्ष आहेच, ते असंच राहू दे.

तुझा भाऊ
प्रेमदास


नागपूर
ता. १९ डिसेंबर १९५७

ती. भाऊस,
कमलाचा सादर जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. वाचून हसू आलं आणि रागही आला. शाळेत पोरांना गणित येत नाही म्हणून तू स्वतःच त्यांच्या पाटीवर सोडवून देतोस का? मग मायचा घास वहिनीनं का उचलावा?

भाऊ, इजा मेंदूला झाली आहे, हाताला नाही. हात चांगला आहे, त्याला निरोप पोचत नाही एवढंच. रोज थोडं थोडं काम सांगत राहिलं की काही निरोप पोचू लागतात. सगळे पोचतील असं मी कबूल करत नाही. पण काम सांगितलंच नाही तर जे पोचू शकले असते तेही राहून जातात. आणि पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, सांधे आखडतात. आमच्या वॉर्डात अशी माणसं मी पाहते. पहिल्या दुखण्यातून वाचलेली आणि पलंगानं धरून ठेवलेली.

म्हणून एवढं करा. निजली असताना उजव्या पावलाला फळीचा टेका द्या, नाहीतर पाऊल खाली पडून तसंच राहील. उठवताना उजवा हात धरून ओढू नका, खांदा निखळेल. तिला बाजेच्या काठावर पाय जमिनीला टेकवून बसवा आणि उजव्या हाताचा तळवा बाजूला टेकवून त्यावर भार घ्यायला लावा. जेवताना भाकर कुस्करून उजव्या हातापुढं ठेवा. सांडू द्या. अर्धा घास तिच्या हातानं गेला तरी तो वहिनीच्या दहा घासांहून मोलाचा. दमली की थांबवा, पण संध्याकाळी पुन्हा करा.

तेलानं चोळायला हरकत नाही, मायला बरं वाटतं. पण चोळणं तू करतोस, हलणं तिनं करायचं आहे.

सुट्टीच्या रविवारी पॅसेंजरनं येत जाईन. मुंबईला काय ते मार्चअखेर कळवायचं आहे. वहिनीला सांग, मी रागावले नाही.

तुझी
कमला


नाचणगाव
ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. कमलास,
आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा माय दाराची चौकट धरून उभी राहिली, अंगणापर्यंत चारदोन पावलं टाकली, सगळ्या आळीनं पाहिलं. तू गाडीत बसलीस आणि तिनं बाज धरली ती धरलीच. म्हणते, पाय उचलत नाही. सीतानं भाकर पुढं ठेवली तर ती डोळे मिटून घेते. परवा डोमाजीची बायको आली होती. माय तिला म्हणाली की, मले आता कोणी भरवत नाई. बाईनं ते विहिरीवर सांगितलं. सीता पाणी न भरता रिकाम्या घागरी घेऊन परत आली आणि चुलीपुढं बसून रडली.

तेव्हा आता स्पष्टच लिहितो. माय फक्त तुझं ऐकते. इथून जवळच पुलगावच्या दवाखान्यात नर्सची जागा आहे असं कळलं, मी विचारून ठेवलं आहे. मुंबई पुढंमागं होईल. माय पुढंमागं होणार नाही.

हे लिहिताना मला आनंद होत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा
प्रेमदास


नागपूर
ता. १४ फेब्रुवारी १९५८

ती. भाऊस,
सादर जयभीम. वि. वि.

तुझं म्हणणं बरोबर असेल. महिनाअखेरीस मेट्रनबाईंना मुंबईचा नकार कळवते आणि पुलगावसाठी अर्ज करते. वहिनीला रडू देऊ नकोस. जास्त लिहीत नाही, ड्यूटी आहे.

कमला


नाचणगाव
ता. १९ फेब्रुवारी १९५८

कमलाबाईले सीताचा जयभीम.

हे पत्र मी चोरून लिहून राह्यली. तुमच्या भावानं मले अक्षरं शिकवली, पण त्यायले दाखवलं नाई. चुका पोटात घाला.

काल दुपारी मी डोमाजीच्या घरी दळण द्याले गेलती. येता येता मागच्या कुडाच्या फटीतून पाह्यलं त माय उभी. अंगणात खाटेवर सांडगे वाळत घातले होते अन् बकरी त्यायले तोंड लावून राह्यली होती. माय भिंतीले हात लावत लावत थेट खाटेपर्यंत आली. काठी उचलली ते उजव्या हातानं. काठी पडली, मंग डाव्यानं उचलली अन् बकरी हाकलली. मंग तशीच भिंत धरून परत गेली अन् बाजेवर निजली. मी आत गेली त कण्हून राह्यली होती.

मी कोणाले बोलली नाई. राग आला होता, खोटं कायले सांगू. पाय चेपता चेपता हळूच इचारलं, माय, तुमी चालता त सांगत काऊन नाई? मंग म्हणे, मी बरी झाली का पोरगी इकडं कायले येईन. दुखणं हाय म्हणून गाडी धरून येते. मंग मुंबईले जाईन अन् मले दिसणार नाई.

कमलाबाई, तुमी तिकडं नाई म्हणून कळवू नका. आता काय करावं ते मले समजत नाई, ते तुमीच सांगा. पण नाई म्हणू नका. माया ठेवजा.

सीता


नागपूर
ता. २४ फेब्रुवारी १९५८

ती. मायला,
कमलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. हे पत्र वहिनीनं वाचून दाखवावं, भाऊनं जवळ बसून ऐकावं.

माय, तू बकरी हाकललीस हे मला कळलं. वहिनीवर रागावू नकोस, तिनं तुझ्या भल्याचंच केलं. मलाही राग आला नाही. तू भिंत धरून सबंध अंगण ओलांडलंस, हे ऐकून मी वॉर्डातल्या डॉक्टरबाईंना सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो.

पण एक खरं ते ऐक. लपून चाललेलं पुरत नाही. दिवसभर निजून एकदा बकरीमागं गेल्यानं पाय टिकत नाही. आज तो तुझं ऐकतो आहे, आणखी काही महिने असाच निजवलास तर घोटा आखडेल आणि मग तू मनापासून म्हटलंस तरी तो ऐकणार नाही. तेव्हा मलाही काही करता येणार नाही. हे तुला भिववायला लिहीत नाही. मी हे रोज पाहते.

आणि मी तुझ्या दुखण्यासाठी येत नव्हते माय, तुझ्यासाठी येत होते. दुखणं गेलं तरी येईन. मुंबईहून दर खेपेला येता येणार नाही, सुट्टीत येईन, आणि पत्र मात्र न चुकता लिहीन.

मुंबईला मी अजून काहीच कळवलेलं नाही. जाऊ की नको, ते तू सांग. भाऊनं नाही, वहिनीनं नाही, तू. तू नको म्हणालीस तर जाणार नाही आणि पुढं कधी बोलूनही दाखवणार नाही.

तुझी
कमला


नाचणगाव
ता. १६ मार्च १९५८

चि. कमलाले मायचा आशीर्वाद.

मी सांगून राह्यली अन् सीता लिहून राह्यली. प्रेमदासले म्हटलं तू लिहू नको, तू माझं बोलणं सुधारून टाकतं.

तुझं पत्र आलं त मी सीताकडून दोनदा वाचून घेतलं. तुह्या बापाच्या माघारी मी तुमाले दोघाले वाढवलं, तवा मले कोणी नाई इचारलं का जिजा, तुले कसं वाटते. आजारी पडली त सारे इचाराले लागले. पोरगा पाय चेपते, सून घास देते, पोरगी गाडीनं येते. मले बरं वाटलं. त्यात माझं काय चुकलं ते मले अजून समजत नाई.

पण सीताचं तोंड पाह्यलं त वाटलं, हिले मी विहिरीवर मान खाली घालाले लावलं. डोमाजीच्या बायकोले बोलावलं अन् तिच्यासमोर माझ्या हातानं जेवली. अर्धं सांडलं. सांडलं त सांडलं.

आता सकाळी ऊन चढाच्या आंधी अंगणात चालते, दुपारी बाजेवरून उठणं-बसणं करते. हाताची बोटं उघडत नाई, अंगठा तेवढा उघडते. काठी डाव्या हातानं धरते. सीता मांगं-मांगं येते अन् धराले पाहते, तिले मी वरडते. वावरात आता जाणं होणार नाई हे मले समजते.

मुंबईले जाय. मले इचारलं म्हणून सांगते, नाई इचारलं असतं त कदाचित नको म्हटलं असतं. तिथं नीट जेवजो. पत्र मोठं लिहजो, सीताले वाचाले सराव होते.

तुही माय
जिजा


नागपूर
ता. ८ जून १९५८

ती. भाऊस,
कमलाचा सादर जयभीम. वि. वि.

माय आणि वहिनी परवा इथं आल्या, हे तुला ठाऊकच आहे, कारण पुलगावला तूच त्यांना गाडीत बसवलंस. मला मात्र तिघांनी मिळून कळू दिलं नाही.

मी वॉर्डात होते. चपराशी सांगत आला की, फाटकाशी कोणी म्हातारी आली आहे आणि चाकाच्या खुर्चीला नको म्हणते. मी व्हरांड्यात आले. समोरून माय येत होती. डाव्या हातात काठी, उजवा हात कठड्यावरून सरकत. उजवा पाय थोडा ओढत होती, पण टाच टेकत होती. वहिनी तिच्या मागं दोन हात अंतरावर, हात पदरात गुंडाळलेले. व्हरांडा लांब आहे. खाटांवरची माणसं मान वळवून पाहत होती. मला धावत जाऊन धरावंसं फार वाटलं. आम्हाला शिकवतात ते त्या वेळी उपयोगी पडलं नाही, वहिनी हात आवरून चालली आहे हे पाहून मी जागची हलले नाही.

माय आली, बाकावर बसली, पाणी मागितलं. लोटा डाव्या हातात घेऊन उजव्याचा खालून टेका दिला. पाणी पिऊन झाल्यावर मी तिला भीत भीत म्हटलं की, मी पुढं आले नाही म्हणून रागावलीस का. तर म्हणे, आली असती त मी तिथंच बसली असती.

आमच्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. हात आता फारसा सुधारेल असं त्यांना वाटत नाही. चालणं मात्र जपलं तर राहील, म्हणून जन्मभर चालत राहायचं, असं त्यांनी तिला सांगितलं. माय म्हणाली की, मी जन्मभर चालतच होती.

दोघी उद्याच्या पॅसेंजरनं परत येतील. मी गुरुवारच्या गाडीनं मुंबईला निघते. गाडी पुलगावला थोडा वेळ थांबते. माय स्टेशनावर यायचं म्हणते. टांगा करू नकोस. रस्त्यात बसत बसत येऊ दे, पण वेळेच्या खूप आधी निघा. मी डब्याच्या दारात उभी राहीन.

वहिनीला आता चोरून पत्र लिहायचं कारण नाही, उघड लिहीत जा म्हणावं. सगळ्यांची माया मुंबईपर्यंत पुरू दे.

तुझी
कमला