डबीला ऐकू जात नाही

३ फेब्रुवारी
चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारखान्यातली ती बोलणं ऐकणारी डबी मंगळवारी पोचली. समोरच्या मास्तरांनी स्टुलावर चढून न्हाणीघराच्या दारावर बसवून दिली. मी पडलो आणि हाक मारली, की तिने मास्तरांना फोन लावायचा, एवढंच ना तिचं काम? त्याच दिवशी बारा वेळा हाक मारून बघितली. दिवा ढिम्म. मास्तर खुर्चीतून सहज ‘मी पडलोय’ म्हणाले, तर लगेच त्यांच्याच खिशात फोन वाजला. आम्ही हसलो खरे, पण ते गेल्यावर मी परत हाक मारून बघितली. दिवा तसाच.

पक्षाघाताच्या झटक्याने जीभ जड केली आणि डावा पाय. उजवा हात शाबूत म्हणून पत्रं लिहितोय. आयुष्यभर लेथ यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून बोललो, आता अंघोळीला जायची भीती वाटते गं. तीन दिवस नुसतं अंग पुसून घेतोय.

काळजी करू नकोस असं लिहिणार नाही. कर, पण वेळेवर जेवत जा.
बाबा

९ फेब्रुवारी
ती. बाबांस, शि. सा. न.

तुमचं पत्र कारखान्यातच उघडलं आणि काम सुचेना. आपल्या भाषेत एकेका शब्दाची ढीगभर रूपं. घर म्हटलं की घरात, घरातून, घरातल्यांना. यंत्राला प्रत्येक रूप हजार तोंडांतून ऐकवावं लागतं. तुमचा आवाज शब्दाच्या शेवटाशी विरत असणार, म्हणून डबी तुमचं बोलणं धरत नाही. झटका आलेल्या माणसांचे आवाज आम्ही मुद्दाम गोळा केले होते. ते कुठे अडकलेत ते शोधते.

तोवर मास्तर घरी असतानाच अंघोळ करा. आणि एकदा फोनवर बोला ना. झटका आल्यापासून तुमचा आवाज ऐकला नाही, पाच महिने झाले.

तुमच्या धाकातली,
बडबड

१४ फेब्रुवारी
चि. बडबडीस आशीर्वाद.

फोन नको. हे बोलणं तू ऐकावंस असं मला वाटत नाही.

आवाज तर मीही दिला होता. दवाखान्यात मला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी नोव्हेंबरात तुमच्या यंत्रासाठी आम्हा सहा जणांकडून दोनशे दोनशे वाक्यं वाचून घेतली. घामाघूम झालो. लेकीच्या यंत्रात बापाचा आवाज, म्हणून तुला कळवलं नाही, गंमत करणार होतो. मग डबी मला ओळखत कशी नाही?

काल पाय घसरला. नळ धरला म्हणून वाचलो. ओरडलो, पण दिवा तसाच. 
बाबा

२० फेब्रुवारी
ती. बाबांस, शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही. गोळा केलेले आवाज तपासायचा नियम मीच केला होता. दोन ऐकणाऱ्यांना वाक्य कळलं नाही तर तिसऱ्याने ऐकायचं, त्यालाही कळलं नाही तर वाक्य टाकाऊत. आमच्याकडे नावं नसतात, नुसते क्रमांक. बाईंकडून तुमचा क्रमांक मागून घेतला. दोनशेपैकी एकशे नव्वद वाक्यं टाकाऊत आहेत. तिसरी ऐकणारी मी होते. शेरा माझाच आहे: ‘माणसाचा आवाज नाही, गोंगाट.’

बाबा, कानाला लावून ऐकलं मी, आणि ते तुम्ही आहात हे मला कळलं नाही. तेव्हापासून एकच भीती बसलीय. तुम्ही आत पडलात आणि मी दाराबाहेर उभी असले, तरी गोंगाट समजून मी निघून जाईन.

टाकाऊतलं सगळं परत घ्यायला लावलंय. साहेब भडकलेत. तरी डबीला नव्याने शिकवायला दोन महिने लागतील. तोवर काय करायचं, मला सुचत नाही.

क्षमा करा असंही लिहायला धजत नाही.
बडबड

२६ फेब्रुवारी
चि. बाळास आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. सोमवारी मास्तर बाजारात गेले होते आणि मी हट्टाने अंघोळीला गेलो. पडलो. हाड मोडलं नाही, कंबर काळीनिळी झालीय. पाऊण तास ओल्या फरशीवर होतो. डबीचा नाद पहिल्या पाच मिनिटांतच सोडला. मग तुलाच हाका मारत राहिलो, इतक्या लांब. फार घाबरलो होतो. मास्तरांनी आल्यावर उचललं.

तिथे पडल्या पडल्या कळलं, की माझा आवाज तुझ्यापासून मीच लपवला. तू ओळखणार कशी?

रविवारी सकाळी दहाला फोन कर. मी बोलेन. मला लाज वाटेल, तुला रडू येईल. मध्येच माझं वाक्य पुरं करू नकोस. पहिल्यांदा कळणार नाही, दुसऱ्यांदाही नाही. तरी फोन ठेवू नकोस.
बाबा