घड्याळाला खोटं पाडताना

शनिवार, रात्र. लोणावळा.

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. कुरवंड्याचा अख्खा चढ पळत चढलो, आणि मनगटावरचं महागडं घड्याळ म्हणतं, 'विश्रांती घ्या.' त्याला खोटं पाडायला ते मटार सोलत बसलेल्या बायकोच्या मनगटाला बांधलं. ठोके एकशे अडतीस! "बिघडलंय," म्हणत मी हसलो. मग बोटांनी तिची नाडी मोजली. तेवढीच.

बसल्या जागी एकशे अडतीस?

"जिना चढताना धडधडतं, सांगत होते की. तुम्ही म्हणालात, पळायला चल."

तसाच तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी ईसीजी काढला. सोमवारी पुण्याला तपासणी. एकशे अडतीस, आणि मी स्वतःच्या चढाचं कौतुक सांगत होतो!

जेवणानंतर तिच्याजवळ बसलो. "कधीपासून होतंय? पहिल्यापासून सांग."

तिनं सगळं सांगितलं. मी मध्ये एकही विनोद केला नाही.