उसनी प्रार्थना

ता. ३ मार्च

चि. भाऊस,
सप्रेम सलाम. वि. वि.

इकडे सारे ठीक. तुझे दाजी निवृत्त झाल्यापासून घरातला प्रत्येक स्क्रू पिळून बघतात. धड होता तो नळही आता गळतो.

मावशी येऊन गेली. चर्चमध्ये मागच्या उपासनेत तू म्हणे जुन्या पाळकांच्या आईच्या गुडघ्याला आराम पडावा म्हणून प्रार्थना केलीस. अरे, त्या बाईंना जाऊन किती वर्षे झाली! मागच्या बाकावर हसू आवरता आवरता पुरेवाट झाली म्हणे. मीही हसले, आणि मग ओळखले. ते वाक्य बाबांचे. लहानपणी रोज संध्याकाळी ऐकलेले. तू त्यांचीच प्रार्थना म्हणतोस का?

या नाही, पुढच्या रविवारी मंडळीपुढे तुझी साक्ष आहे असेही कळले. बायको जाऊनही विश्वास कसा टिकला, हे सांगायचे आहे म्हणे. खरे काय ते लिही.

तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस,
कृतानेक सलाम.

तुझ्या कानांना फसवणे कठीण. होय, प्रार्थना बाबांची. ही गेल्यापासून मला स्वतःची एकही सुचत नाही. कारखान्यात लेथवर उभा असतो तोवर बरा असतो. गुडघे टेकले की तोंडाला कुलूप. पण उपासनेत सगळे डोळे मिटून थांबतात, आणि बाबांचे शब्द पाठ आहेत. त्या दिवशी तो गुडघा कधी येऊन गेला, मलाही कळले नाही.

लोक म्हणतात, माणूस असावा तर असा, देवाविरुद्ध तक्रार नाही. अगं, तक्रार करायला तरी बोलावे लागते ना!

पाळक म्हणाले, मंडळीतली दोन घरे दुःखात आहेत, तुमच्या साक्षीने आधार मिळेल. त्यांच्यापुढे खोटा कसा उभा राहू? खरे सांगितले तर प्रार्थना चालवण्याचे काम जाईल. बाबांपासून ते आपल्या घरात आहे. घसा बसला म्हणून कळवू का?

प्रार्थनेत आठवण असू द्यावी.

तुझा भाऊ

ता. १० मार्च

चि. भाऊस,
सलाम.

घशाची थाप नको. पण सारे खरेही ओकू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायबलमधली दोन वचने वाच, आभार मान, खाली बस. बाबांच्या नावाचा तरी विचार कर. तुझे दाजी म्हणतात, त्याचे त्याला ठरवू दे. पण त्यांचे ऐकून आपल्या नळाचे काय झाले ते तू जाणतोस.

ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस,
सलाम.

तुझे ऐकले नाही, माफ कर. वचने वाचली आणि पुढे सांगितले की बायको गेल्यापासून मी देवाशी बोललेलो नाही, तुम्ही ऐकता ती माझ्या वडिलांची प्रार्थना. मावशीने मान खाली घातली. खजिनदार जाता जाता म्हणाले, घरचे घरी ठेवावे. दुसऱ्या दिवशी पाळक आले. काही महिने प्रार्थना दुसरे कोणी चालवील म्हणाले. रागावले नव्हते. मला लागायचे ते लागलेच.

त्या दोन घरांपैकी एका घरचे कोणी आलेच नव्हते. दुसऱ्या घरची बाई, मुलगा गमावलेली, दारात थांबली होती. तिने विचारले, मग तुम्ही दर रविवारी येता तरी कशाला? मी म्हणालो, दुसरीकडे कुठे जावे ते कळत नाही म्हणून. ती म्हणाली, माझेही तसेच. मग आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

प्रार्थनेत आठवण असू द्यावी, असे आजवर प्रत्येक पत्राखाली रीत म्हणून लिहीत आलो. या वेळी मागतो आहे.

तुझा भाऊ