विषय : विभाग बदलून मिळणेबाबत

माय, आज आठवीच्या वर्गात अर्जलेखन शिकवलं. भोकरदनच्या या शाळेत दरवर्षी शिकवते. कधी पाणीपुरवठ्याची तक्रार, कधी सहलीची परवानगी. या वेळी पुस्तकातला नमुना वेगळा निघाला : एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या विभागात बदली मागायची. फळ्यावर विषय लिहिला आणि पुढचं सुचेना. पोरी वह्या उघडून बसलेल्या. मी त्यांना पाठ वाचायला लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. संध्याकाळी घरी आल्यापासून तुझ्याशीच बोलते आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

तेव्हा मी दहावीत होते. माझ्या शाळेसाठी तू तीर्थपुरीचं घर आणि बाबांना शेतावर ठेवून मला घेऊन जालन्याला आलीस, आणि एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात लागलीस. तुझं खातं होतं बियाण्याला दवा लावायचं. तिथे बाजरीचं बी गुलाबी भुकटीत घोळायचं, ते कीड लागू नये म्हणून. तू घरी यायचीस तेव्हा तुझे तळवे, नखं, पदराचा काठ सगळं गुलाबी असायचं. मोरीत बसून तू राखेने हात घासायचीस, घासघासून लाल करायचीस, तरी पिठाला हात लावायची नाहीस. "भाकरी तूच थाप, बाई. माझ्या हाताचा वास जाऊन न्हाई राह्यला." माझ्या वाकड्यातिकड्या भाकरी तू कधी नावं न ठेवता खाल्ल्यास. मग खोकला सुरू झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं आणि भुकटीपासून लांब राहा म्हणाले. लांब म्हणजे पॅकिंगला. तिथे भरलेल्या पिशव्या मशीनवर शिवायच्या, हवा मोकळी.

आपल्या त्या एका खोलीत, चुलीसमोर पाट घेऊन मी तुझा अर्ज लिहायला बसते. नुकतंच शाळेत शिकले आहे, त्यामुळे जोरात आहे. पहिल्याच ओळीत लिहिते, "मी आजारी असल्यामुळे". तू मी थापलेल्या भाकरीवरची नजर काढून म्हणतेस, "खोड ते. आजारी म्हणलं की घरी बसवतेत. तुझ्या फीचं काय मंग?"

"मंग कारण काय लिहू?"

तू चुलीतलं लाकूड मागे ओढतेस. मग म्हणतेस, "लिही, मला शिलाई येती. चोळ्या शिवलेल्या हायेत मी गावात. पिशव्या बराबर शिवीन, एक टाका सुटणार न्हाई." मी तसं लिहिते. शेवटी पुस्तकातलं पाहून "आपली नम्र सेविका" लिहिलं, तर तू त्याचा अर्थ विचारलास आणि कपाळाला आठ्या घातल्यास. "घरची मोलकरीण हाय का मी त्याची? कामगार लिही." नम्र तेवढं राहू दिलंस. खाली सही करताना जीभ दातांत धरली होतीस.

अर्ज मंजूर झाला. साहेबांनी स्वतः बोलावून सोमवारपासून पॅकिंगला जा म्हणून सांगितलं. त्या दिवशी तू पुडीत जिलेबी आणलीस, आणि कित्येक महिन्यांनी मला तुझ्या हाताने भरवलीस, आधी तळवे उलटसुलट करून माझ्यापुढे धरून, "बघ, हाय का कुठं रंग?" म्हणत. मला वाटलं, झालं. आता तू बरी होणार.

शनिवारी तू आलीस ती चप्पल न काढताच उंबऱ्यात बसलीस. तुझ्या जागेवर मुकादमाने आपल्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहणाऱ्या बाईला नेमलं होतं. तिला तू मावशी म्हणायला लावायचीस मला, पण ती माझ्याहून फार मोठी नव्हती. पदराखाली अंगावर पिणारी पोर होती तिची. दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायची, पोरीला पाजून परत पळायची.

"तिला म्हणावं, न्हाई म्हण," मी म्हणाले.

"नवीन लागलीय ती. न्हाई म्हणली की घरी. नवरा बी कामावर न्हाई तिचा."

"मंग दुसरं कोणी बघू दे मुकादमाला."

"इचारलं मी. सगळ्या जुन्या बायांनी हात वर केले. अन् तसल्याच हातानं, तसल्याच लुगड्यानं ती पोरीला पाजणार." मग तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "कागद घे. अर्ज वापस घ्यायचा हाय."

मी कागद घेतला नाही. ओरडले तुझ्यावर. तुला जगाची पोरं दिसतात, मी दिसत नाही, असं म्हणाले. तू कागद स्वतःच ओढून घेतलास. चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरांत तूच लिहिलंस, दोन ओळी, मी वरून वाचल्या : "माझा अर्ज वापस द्यावा. मी हाय तिथं बरी हाय." सोमवारी पदर नाकाला बांधून तू त्याच खात्यात गेलीस. त्या बाईला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी शपथ मला घातलीस.

मी दहावी झाले, बारावी झाले, डी.एड.ला नंबर लागला. तेवढी वर्षं तू तिथेच काढलीस. शेवटी दवाखान्यात तुला उशा लावून बसवून ठेवलं होतं, आडवं होता येत नव्हतं. बाबा चहा आणायला खाली गेलेले. मी विचारलं, "माय, त्या अर्जाचा पस्तावा होतो का गं?"

"होतो की," तू म्हणालीस. "खोकला आला की दर बारीला होतो."

"मंग?"

"मंग काय. खोकला थांबला की न्हाई होत."

त्याच आठवड्यात तू गेलीस. हे बोलणं मी कोणालाच सांगितलं नाही, बाबांनाही नाही.

मागच्या महिन्यात मला जालन्याच्या बसस्टँडवर ती शेवटच्या खोलीतली मावशी भेटली. केस पिकलेत तिचे. सोबत तिची तीच पोर होती, आता उंच, सावळी, पांढऱ्या गणवेशात; नर्सिंगला शिकते म्हणे. मुलीने वाकून माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी अडवलं. मावशी म्हणाली, "तुह्या मायनं लई जीव लावला बघ मला. तिच्या जागी मला टाकणार होते म्हणं, मंग काय झालं काय म्हाईत, राह्यलं ते." आणि माझ्याकडे पाहत राहिली. तेवढ्यात भोकरदनची गाडी लागली. मी "येते मावशी" म्हणाले आणि चढले.

तुझी शपथ होती म्हणून गप्प बसले, असं मी वाटभर स्वतःला सांगत आले. खरं तसं नव्हतं, माय. सांगितलं असतं तर ती तिथेच रडली असती आणि तिला जवळ घेऊन समजूत काढावी लागली असती. त्या लेकीकडे पाहून तुझ्यासारखं मन मोठं करणं मला अजून जमलेलं नाही.